नवें रानफूल आणि त्याचें नांव

कोल्हापूर जिल्ह्यांतील विशाळगडावर सांपडलेल्या एका लहानशा रानफुलाचें वर्णन इ. स. २०२३ सालीं एका शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालें, आणि वनस्पतींच्या नोंदींत एका जातीची भर पडली. शोध लावणाऱ्या मंडळींनीं छत्रपति शिवाजी महाराजांच्या स्मरणार्थ तिला ‘सेरोपेजिया शिवरायियाना’ असें नांव दिलें. ही वार्ता आमच्या पुष्कळ वाचकांच्या कानीं आली असेल, आणि ती ऐकून कोणाच्या मनांत असा प्रश्नहि आला असेल कीं, विशाळगड कांहीं काल बांधिलेला नाहीं. त्या गडावर शेंकडों वर्षें माणसें राहिलीं, गुरें चरलीं, लांकूडफाटा तोडला गेला. मग हें फूल आजच नवें कसें झालें?

प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर असें कीं, फूल जुनेंच आहे. नवी आहे ती त्याची नोंद. पायथ्याच्या एखाद्या गुराख्यानें तें पूर्वीं पाहिलें असेल, कदाचित् त्याचा कंद उकरून खाल्लाहि असेल. परंतु पाहणें निराळें आणि ओळखणें निराळें. हें फूल त्याच्या जवळच्या सर्व जातींशीं ताडून, ‘हें त्यांपैकीं कोणतेंच नव्हे’ असें दाखविणें, आणि त्याचा पुरावा कोणालाहि तपासतां येईल अशा ठिकाणीं ठेवणें, एवढें घडल्यावांचून शास्त्रज्ञ त्यास स्वतंत्र जात मानीत नाहींत. हें काम कसें चालतें तें आज आपण पाहूं. पण अगोदर हें फूल ज्या घराण्यांतलें आहे त्याची ओळख करून घेतली पाहिजे. कारण तें घराणें डोंगराळ भागांत राहणाऱ्या आमच्या वाचकांच्या अंगणापासून फार दूर नाहीं.

सेरोपेजिया हें नांव ऐकून कोणीं बिचकूं नये. आपल्याकडे हिला खरपुडी म्हणतात. कोठें खर्तुडी असाहि उच्चार आहे. अलीकडे शहरांतील निसर्गप्रेमी मंडळी ‘कंदीलपुष्प’ म्हणूं लागली आहे, आणि तें नांवहि शोभतें. मृगाचा पाऊस पडून जमीन भिजली म्हणजे मातींतील चपट्या, वाटोळ्या कंदांतून हिचा कोंब वर येतो. कांहीं जाती झुडपांवर वेलासारख्या चढतात. कांहीं गवतांत वीत-दीड वीत ताठ उभ्या राहतात. श्रावण-भाद्रपदांत फुलें येतात, पुढें शेंगा धरतात, आणि पाऊस सरल्यावर दांडा व पानें वाळून नाहींशीं होतात. त्यानंतर कित्येक महिने त्या जागीं कांहीं आहे असें कोणास सांगूनहि पटावयाचें नाहीं. जेव्हां गड चढावयास सोयीचा असतो तेव्हां ही वनस्पति जमिनीखालीं निजलेली असते. आणि ही फुलते त्या दिवसांत कडे निसरडे, धुकें दाट व गवत गुडघाभर. इतक्या जाती इतकीं वर्षें दृष्टीआड राहिल्या, त्याचें एक मोठें कारण हेंच होय.

आपल्या देशांत खरपुडीच्या सुमारें साठ जाती नोंदल्या आहेत, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक भारतावांचून अन्यत्र कोठेंहि उगवत नाहींत. सह्याद्रि हें तर त्यांचें माहेरच म्हणावें. त्यांचीं शास्त्रीय नांवें वाचलीं तर आपल्या प्रांताचा नकाशाच डोळ्यांपुढें उभा राहतो: एक सह्याद्रिका, एक पांचगणिएन्सिस, एक कोंकणेन्सिस, एक अंजनेरिका. रुई, करवंद व कण्हेर हीं आपल्या नेहमींच्या पाहण्यांतलीं झाडें आज ज्या कुलांत गणलीं जातात त्याच कुलांतली ही. रुईच्या फळांतून जसें म्हाताऱ्यांसारखें रेशमी केस असलेलें बीं उडतें, तसेंच हिचेंहि उडतें.

आतां फूल पाहूं. तें बोटभर लांब असतें. कांहीं जातींत त्याहून लहान. तळाशीं एक फुगीर मडकें, त्यावर अरुंद नळी, आणि नळीच्या तोंडाशीं पांच पाकळ्या. या पाकळ्या इतर फुलांप्रमाणें मोकळ्या न पसरतां वर वळून शेंड्याशीं एकमेकींस चिकटतात, त्यामुळें मधें पांच खिडक्या राहतात व सर्व मिळून टांगलेल्या कंदिलाचा आकार होतो. रंग बहुधा हिरवट पांढरा, त्यावर जांभळे ठिपके वा पट्टे. स्वीडन देशच्या लिनीयस नामक विद्वानानें १७५३ सालीं ह्या घराण्याचें नांव ठेविलें, तेव्हां त्यास तो मेणाचा कारंजा दिसला. ग्रीक भाषेंत सेरोपेजियाचा अर्थ तसाच होतो. आम्हांस मात्र कंदीलच अधिक पटतो.

परंतु हा कंदील वास्तविक कैदखाना आहे. खरपुडीचे पराग वाऱ्यानें उडत नाहींत. ते मेणचट पुंज होऊन राहतात, आणि दोन-दोन पुंज एका बारीक चिमट्यास जोडलेले असतात. ते एका फुलांतून दुसऱ्यांत नेण्यासाठीं कोणीतरी वाहक लागतो, आणि तो वाहक म्हणजे तिळाएवढी एखादी माशी. फुलाच्या वासानें ओढली जाऊन माशी खिडकींतून आंत शिरते व नळींत घसरते. नळीच्या आंतल्या अंगास केस असतात व त्यांचीं टोकें खालच्या दिशेस वळलेलीं असतात. खालीं उतरतांना ते आडवे येत नाहींत; वर चढूं पाहिलें कीं भाल्यांसारखे समोर उभे राहतात. मासे धरण्याची बांबूची खोईन ज्यांनीं ओढ्याला लाविली असेल त्यांस ही युक्ति समजावून सांगावयास नको. माशी तळच्या मडक्यांत अडकते, तेथला थोडका मध चाखते, इकडेतिकडे धडपडते, आणि त्या धडपडींत तो चिमटा तिच्या सोंडेस घट्ट बसतो. पुढें आंतील केस सुकून मऊ पडतात, वाट मोकळी होते, माशी बाहेर पडते, आणि अनुभवानें कांहींएक न शिकतां दुसऱ्या कंदिलांत शिरते. तेथें पुंज आपल्या जागीं बसला म्हणजे बीं धरावयाचें काम झालें.

ती फसते कशी, हेंहि ऐकण्यासारखें आहे. दक्षिण आफ्रिकेंतील सेरोपेजिया सँडर्सोनी ह्या जातीविषयीं २०१६ सालीं असें दाखविण्यांत आलें कीं, तिचें फूल जखमी मधमाशीसारखा वास सोडतें. कोळ्यानें मधमाशी धरली म्हणजे तिच्या अंगांतून जो रस गळतो त्यावर जगणाऱ्या कांहीं बारीक माश्या आहेत. मेजवानी आहे असें समजून त्या येतात व कैदेंत पडतात. आमच्याकडील प्रत्येक जात कोणत्या माशीस कोणत्या वासानें बोलाविते हा ज्याच्या त्याच्या अभ्यासाचा विषय आहे. एवढें मात्र लक्षांत ठेवावें कीं, ज्या डोंगरावरून ती माशी गेली तेथें खरपुडी फुलली तरी शेंग धरणार नाहीं. मुळांतच ह्या घराण्यांत शेंगांचें प्रमाण थोडें असतें.

येथपर्यंत फुलाची हकीकत झाली. आतां ‘ही जात नवी’ असें म्हणण्यापूर्वीं काय करावें लागतें तें पाहूं.

शेतकऱ्यास आंबेमोहोर कोणता व जिरेसाळ कोणती हें लोंबीकडे पाहतांच कळतें. त्यास विचारलें तर तो म्हणेल, ‘दिसतें ना!’ त्याचें ज्ञान खरें असतें, परंतु तें त्याच्या डोळ्यांत असतें. तो गेला कीं तेंहि जातें. शास्त्राचा आग्रह असा कीं, भेद शब्दांत, चित्रांत व मापांत उतरला पाहिजे. पानाची लांबी-रुंदी किती, देंठावर लव आहे कीं तो गुळगुळीत आहे, नळी सरळ कीं वांकडी, पाकळी नळीपेक्षां लांब कीं आंखूड, आंतील केस कोठपर्यंत, मडक्यांतील मुकुटासारख्या भागाचे फांटे कसे, अशी एकेक गोष्ट भिंगाखालीं धरून लिहावी लागते. नुसत्या रंगावर किंवा उंचीवर भिस्त ठेवून चालत नाहीं. सांवलींत वाढलेली वनस्पति उंच होते, उन्हांत वाढलेली ठेंगणी राहते, एवढ्यानें जात बदलत नाहीं. पुष्कळ झाडें पाहून जो भेद टिकतो तोच खरा. मग पूर्वींच्या सर्व वर्णनांशीं तें ताडावयाचें. ह्या कामीं मोठा आधार म्हणजे अन्सारी यांचें १९८४ सालीं निघालेलें पुस्तक. भारतांतील तोंवरच्या सर्व खरपुडींचें वर्णन त्यांत एके ठिकाणीं आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट नमुन्याची. वनस्पति वर्तमानपत्री कागदांत दाबून वाळवितात, जाड कागदावर चिकटवितात, आणि कोपऱ्यांत चिठ्ठी लावितात: ठिकाण, तालुका, उंची, तारीख, गोळा करणाराचें नांव. कंदिलासारखें फूल दाबलें कीं त्याचा आकार मोडतो, म्हणून कांहीं फुलें औषधी द्रवांत बुडवून बाटलींत ठेवितात. ज्यावरून वर्णन लिहिलें तो एक कागद ‘मूळ नमुना’ ठरतो, आणि १९५८ पासून असा नमुना नेमून दिल्याशिवाय नव्या जातीचें नांव ग्राह्य धरीत नाहींत. असे कागद मुंबईस सेंट झेवियर कॉलेजांतील ब्लॅटर संग्रहांत, पुण्यास भारतीय वनस्पति सर्वेक्षण खात्यांत व कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठांत हजारोंनीं जपून ठेविले आहेत. शंभर वर्षांनीं कोणास शंका आली तर त्यानें जाऊन तो कागद काढून पाहावा. सोनार कसोटीचा दगड जपून ठेवितो, त्यांतलाच हा प्रकार.

नांव ठेवण्याचेहि नियम आहेत. नांव दोन शब्दांचें. पहिला घराण्याचा, दुसरा त्या जातीचा. इ. स. १९३५ पासून २०११ अखेर नव्या जातीचें वर्णन लॅटिन भाषेंत देणें भाग होतें. त्यामुळें पन्हाळ्याचा मुलगाहि रोमच्या जुन्या भाषेंत फुलाच्या पाकळ्या वर्णूं लागला. २०१२ पासून इंग्रजीहि चालतें. मराठीची पाळी अद्याप आलेली नाहीं.

दुसरा शब्द कधीं ठिकाणावरून येतो, कधीं माणसावरून. माणसाचें नांव झाडास देण्याची चाल जुनी आहे, आणि आमच्या वाचकांस तिचें एक उदाहरण पाठ असावें. सह्याद्रींत सर्वत्र वाढणारा कुंभा, ज्याची साल दोरासाठीं सोलतात, त्याचें शास्त्रीय नांव ‘केरिया आर्बोरिया’. हें नांव डॉ. रॉक्सबर्ग यांनीं आपले मित्र विल्यम केरी यांच्या आदरार्थ ठेविलें. श्रीरामपूरच्या ज्या केरी साहेबांनीं १८०५ सालीं मराठीचें व्याकरण व १८१० सालीं मराठीचा कोश छापला तेच हे गृहस्थ. ते स्वतः बागेचे मोठे शोकी होते, आणि रॉक्सबर्ग यांच्या पश्चात् त्यांचा वनस्पतींवरील ग्रंथ छापून काढण्याचें काम त्यांनींच केलें. कुंभ्याचीं पांढरीं-गुलाबी तुऱ्याचीं फुलें आतां पाहाल तेव्हां हें मुलांस जरूर सांगा.

तथापि एका गोष्टीविषयीं आमचें मत स्पष्ट सांगितलें पाहिजे. नव्या जातीच्या वर्णनांत शोधकाचें नांव येतें, गव्हर्नरांचें आलें, विद्वानांचें आलें; पण ती वाट ज्यानें दाखविली त्या गांवकऱ्याचा उल्लेख फार थोडा सांपडतो. असें व्हावेंच असें नाहीं. केरळांत कोचीनचा डच अधिकारी व्हॅन ऱ्हीड यानें १६७८ पासून १६९३ पर्यंत मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ आम्स्टरडॅम येथें छापविला. त्यांत त्यानें इट्टी अच्युतन् ह्या मळ्याळी वैद्याची, आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट ह्या तिघां कोंकणी ब्राह्मणांची साक्ष त्यांच्याच भाषांत व लिपींत पहिल्या खंडांत छापली. त्यामुळें कोंकणी मजकूर नागरी अक्षरांत त्या काळीं युरोपांत छापला गेला. लिनीयसनें खरपुडीच्या घराण्यांतील एक जात नोंदली ती ह्याच ग्रंथांतील चित्राच्या आधारानें. म्हणजे ज्या पुस्तकांतून हें घराणें शास्त्राच्या नोंदींत आलें त्यांत गांवच्या वैद्यांचा शब्द होता, आणि तो नांवानिशीं होता. साडेतीनशें वर्षांपूर्वीं जें जमलें तें आज अवघड कां वाटावें?

नांव एकदां पडलें कीं तें कायम राहतें असेंहि नाहीं. इ. स. १८६४ च्या सुमारास मुंबई इलाख्याच्या जंगलखात्यांतील अधिकारी डॅल्झेल यांनीं जुन्नरच्या डोंगरांतील एका मांसल दांड्याच्या वनस्पतीचें वर्णन प्रसिद्ध केलें. तिचें फूल गर्द तांबडें, चांदणीसारखें, त्यावर पिवळे ठिपके. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या नांवावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ म्हटलें. गांवकरी तिला शिंदळ माकुडी म्हणतात. ती केवळ महाराष्ट्रांतल्या थोड्या कड्यांवर उगवते. पुढें तिला दुसऱ्या घराण्यांत नेऊन ‘बूसेरोशिया’ केलें. २०१७ सालीं कांहीं शास्त्रज्ञांनीं, हीं सर्व जवळचीं घराणीं खरपुडींतच मिसळावीं असें सुचविलें. तें सर्वांस मान्य झालेलें नाहीं. माकुडी मात्र आपल्या कड्यावर तीच आहे. तिच्या देंठावर रुईवरचीच सुरवंटे पोसतात, आणि माशाच तिचीं फुलें फळवितात.

आतां जी गोष्ट आमच्या वाचकांच्या हातीं आहे तिच्याकडे वळूं. नाशिक जिल्ह्यांत त्र्यंबकेश्वराजवळ अंजनेरीचा डोंगर आहे. त्याची उंची सुमारें ४,२०० फूट. तेथील एका खरपुडीचें वर्णन मालपुरे, कांबळे व प्रा. यादव यांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलें व तिला ‘अंजनेरिका’ नांव दिलें. नांव नव्हतें तोंवर ती नुसतें गवत होती. गवतावरून रस्ता काढावयास कोणाची परवानगी लागत नाहीं, आणि गवत नष्ट झालें म्हणून कोणी नोंद करीत नाहीं. नांव पडल्यावर मात्र तिचा शोध घेणें, तिचीं झाडें मोजणें, तिच्यासाठीं जागा मागणें शक्य झालें. आणि २०१७ सालीं अंजनेरीचा भाग सरकारनें संवर्धन राखीव म्हणून जाहीर केला. एका डोंगरापुरती असलेली जात त्या डोंगरावरून गेली तर जगांतून गेली. तिचें बीं आणावयास दुसरें गांव नाहीं.

अशा वनस्पतींस धोका कोणता? पहिला कुदळीचा. खरपुडीचा कंद खाण्याजोगा असतो, गुराख्यांचीं मुलें तो उकरून खातात, आणि उपासाच्या दिवसांत कित्येकांच्या पोटास त्याचा आधार झाला आहे. जेथें ती विपुल आहे तेथें मुलानें एखादा कंद खाल्ला म्हणून आम्हीं त्यास दोष देणार नाहीं. परंतु कंद काढला कीं ती वनस्पति मुळासकट संपली; आणि फुलण्यापूर्वीं काढला तर तिचें बींहि राहिलें नाहीं. दुसरा धोका वणव्याचा. फाल्गुन-चैत्रांत चांगलें गवत यावें म्हणून डोंगर पेटवितात. जमिनींतील कंद त्यांतून कित्येकदां वांचतो; वर पडलेलें बीं जळून जातें, आणि जुने कंद मेल्यावर त्यांची जागा घ्यावयास कोणी उरत नाहीं. तिसरा धोका शहरांतून येतो. फुलाचें चित्र काढण्यासाठीं आलेली मंडळी एका झाडाभोंवतीं दहा रोपें तुडवितात, आणि कोणी कुंडींत लावण्यासाठीं कंदच घेऊन जातात. रस्ते, इमारती व खाणी यांविषयीं निराळें सांगावयास नको.

म्हणून पुढील पावसाळ्यांत डोंगरावर जाल तेव्हां गवताकडे थोडें निरखून पाहा. शिक्षक व उपदेशक बंधूंनीं तर मुलांस बरोबर घेऊन जावें. कंदिलासारखें फूल दिसलें तर तें तोडूं नये व उपटूं नये. जवळ वही असेल तर पान, नळी व पाकळ्या यांचें चित्र काढावें, बोटाच्या पेरांनीं माप घ्यावें. फोन असेल तर फुलाचें, पानाचें व सबंध रोपाचें असे तीन निरनिराळे फोटो घ्यावे. तारीख लिहावी, भोंवतालीं तशीं किती रोपें आहेत तें मोजावें, आणि गांवांत त्याला काय म्हणतात तें वडील माणसांस विचारून त्यांच्या नांवासह लिहून ठेवावें. ही माहिती जवळच्या कॉलेजांतील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांस कळवावी. नेमकी जागा मात्र त्यांनाच सांगावी. ती चारचौघांत बोलूं नये व फोनवरून सर्वत्र धाडूं नये, कारण कंद चोरणारेहि वाचतात. शिवाय २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणें प्रत्येक ग्रामपंचायतीकडे जैवविविधतेची नोंदवही असावयास पाहिजे. ती आहे कीं नाहीं हें ग्रामसेवकास विचारावें, आणि असल्यास गांवचीं नांवें तींत चढवून घ्यावीं.

फूल गळून गेल्यावर आश्विन-कार्तिकांत पुन्हां एकदां त्याच जागीं जावें. शेंगा असल्यास त्या बारीक, टोकदार, बहुधा जोडीनें लागलेल्या दिसतील. त्यांस हात लावूं नये. वाळल्या कीं त्या आपण होऊन उकलतात, आणि बियांच्या शेंड्यावरचे केस वाऱ्यावर पसरतात. किती शेंगा धरल्या तो आंकडा वहींत तारखेपुढें लिहून ठेवावा, आणि वर्षानें तेथेंच जाऊन पुन्हां मोजावें.